टायर बदलायच्या आधी हवा मोज आणि खडू घे

पत्र बरंच मोठं होतं, कामाचं तेवढं देतेय:

"ताई, माझी साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे, टायर १९५/५५ आर१५, कंपनीतून आलेलेच. रोज ऑफिसलाही हीच गाडी असते. आत्तापर्यंत दोन ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायचे दिवस) केले आणि पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कडा अक्षरशः खाल्ली गेली, रबराचे तुकडे निघालेत, फोटो जोडलाय. सेशनच्या सुरुवातीला गाडी छान वळते पण पाचव्या-सहाव्या लॅपनंतर स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी सरळच जाते. एक मित्र म्हणतो ४२ पीएसआय हवा भर, दुसरा म्हणतो २५ वर आण. एका ओळखीच्याकडे वापरलेले सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे, अगदी कमी नक्षीचे टायर) मिळतायत, ते घेऊ का? की सरळ २२५ चे रुंद टायर टाकू? ता.क. नायट्रोजन भरावा का?"

अरे, दोन ट्रॅक डे करून गाडी आणि तू दोघंही धड घरी आलात आणि वर टायरचे फोटो काढून पाठवलेस, याचंच मला जास्त कौतुक वाटलं, कारण बहुतेक जण टायर संपला की नवीन टाकतात आणि जुन्याकडे वळूनही बघत नाहीत. तुझा फोटो मी मोठा करून नीट बघितला. बाहेरच्या कडेची दोन बोटं रुंदीची पट्टी फाटलेली आहे, रबराच्या नक्षीतल्या ब्लॉकचे कोपरे उडालेत, साइडवॉलवरची (टायरच्या बाजूच्या भिंतीवरची) अक्षरंसुद्धा वरच्या बाजूने घासली गेलीत, आणि आतला अर्धा भाग? तो जवळजवळ नवा! म्हणजे अख्ख्या टायरचे पैसे देऊन तू त्याचा एक तृतीयांश भाग वापरतोयस. असं असताना महागडा टायर घेतलास तर त्याचीही तीच पट्टी फाटेल, फक्त जास्त किमतीत. म्हणून आत्ता लगेच टायर घेऊ नकोस, आधी आहे त्या टायरवर हवा आणि कॅम्बर (समोरून बघताना चाक किती तिरपं आहे ते) जागेवर आण.

हे होतं कशामुळे ते सांगते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तिच्याबरोबर बाहेरचं चाकही झुकतं, आणि तुझ्यासारख्या गाड्यांना पुढे जे मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन असतं त्यात चाक सरळ ठेवायची फारशी सोय नसते, त्यामुळे टायर सपाट न टेकता बाहेरच्या कडेवर उभा राहतो. त्यात हवा कमी असेल तर साइडवॉल दुमडते आणि मग साइडवॉलवरची अक्षरं रस्त्याला लागतात, तुझ्या फोटोत दिसतंय तेच. आणि तिसरं कारण, राग मानू नकोस, तू स्वतः लिहिलंयस की गाडी सरळ जायला लागली की "स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी". पुढचे टायर घसरायला लागल्यावर आणखी स्टिअरिंग फिरवलं की ग्रिप वाढत नाही, टायर आडवा घासला जातो, आणखी तापतो, आणखी घसरतो. तिथे उलट करायचं, स्टिअरिंग थोडं मोकळं करायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय थोडा उचलायचा (एकदम नाही, हळू) आणि पुढच्या टायरला परत पकड घेऊ द्यायची. आणि वळणात शिरतानाचा वेग कमी ठेवायचा, हे तर आहेच. टायर वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आता हवा. इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

तुझे दोन्ही मित्र थंड टायरचे आकडे सांगतायत, पण ट्रॅकवर महत्त्वाचा आकडा असतो तो गरम टायरचा. गणित साधं आहे. गेजवर (हवा मोजायच्या मीटरवर) २८ दिसतं तेव्हा टायरच्या आत खरं तर त्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवलेले असतात, म्हणजे ४२.७. टायरमधली हवा २५ डिग्रीवरून ८० डिग्रीवर गेली, म्हणजे केल्विनमध्ये २९८ वरून ३५३, तर दाब त्याच प्रमाणात साडेअठरा टक्क्यांच्या आसपास वाढतो. ४२.७ चे झाले साधारण ५०.६, त्यातून परत १४.७ वजा कर, गेजवर दिसणार ३६ च्या आसपास. म्हणजे २८ चे ३६ झाले, आणि तू काहीच केलेलं नाहीस, फक्त गाडी जोरात चालवलीस. ढोबळ हिशोब लक्षात ठेवायचा तर दर साडेसहा-सात डिग्रीला १ पीएसआय.

आता याच हिशोबाने ४२ भरून गेलास तर गरम झाल्यावर ५० च्या घरात जाशील, टायर मधून फुगेल, टेकलेला भाग कमी होईल आणि गाडी सेशनच्या दुसऱ्या भागात बर्फावर असल्यासारखी वागेल. तो मित्र खोटं बोलतोय असं नाही हं, ऑटोक्रॉसवाले (छोट्या वळणदार मार्गावर एकेकट्याने वेळेशी स्पर्धा करणारे) खरंच जास्त हवा ठेवतात, कारण त्यांची एक फेरी मिनिटाभरात संपते, टायर फार तापतच नाही आणि मऊ साइडवॉल दुमडू नये म्हणून हवा लागते. तो सल्ला तिथला आहे, ट्रॅकवर वीस मिनिटांच्या सेशनला तो चालत नाही. आणि २५ वाल्याचं म्हणशील तर गरम झाल्यावर आकडा ३२ च्या आसपास येईलही, पण तिथे पोचेपर्यंतच्या दोन-तीन लॅपमध्ये साइडवॉल दुमडून तुझी तीच बाहेरची कडा जाणार.

साध्या रोड टायरला हलक्या हॅचबॅकवर गरम दाब ३४ ते ३८ च्या मध्ये कुठेतरी बसतो. नेमका कुठे, हे तुझा टायरच सांगेल, मी इथे बसून नाही सांगू शकत. पुढच्या वेळी असं कर. एक चांगला गेज घे, आणि कायम तोच वापर, कारण दोन गेजमध्ये सहज दोन पीएसआयचा फरक असतो आणि आपल्याला जगातला अचूक आकडा नकोय, आपल्याच आकड्यांशी तुलना हवीय. सकाळी गाडी सावलीत असताना, टायर थंड असताना चारही चाकं मोज. ऊन एकाच बाजूला पडत असेल तर त्या बाजूचा आकडा एक-दोनने जास्तच दिसणार, आणि तू तो बरोबर समजून हवा सोडलीस तर दिवसभर त्या बाजूला कमी हवा घेऊन फिरशील. हे माझ्या बाबतीत झालंय, अर्धा दिवस कळतच नव्हतं की गाडी डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी का वागतेय. सुरुवात ३० थंडपासून कर. पहिलं सेशन झालं की पिटमध्ये येऊन लगेच, पहिल्या मिनिटातच, गरम टायरचे चारही आकडे घे आणि वहीत लिही. मोबाइलमध्ये लिही म्हणत नाहीये कारण घामट हाताने, हेल्मेट काखेत धरून मोबाइलवर कोणी लिहीत नाही, मी बघितलंय.

आणि खडू. पांढरा साधा खडू घे आणि टायरच्या कडेवर, ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) संपून साइडवॉल सुरू होते तिथे, आडवी जाड रेघ मार, एका टायरला तीन-चार ठिकाणी. बऱ्याच टायरच्या साइडवॉलवर वरच्या बाजूला एक छोटासा त्रिकोण असतो, तिथूनच रेघ ने. सेशननंतर बघ खडू कुठपर्यंत पुसला गेलाय. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर छान. त्रिकोणाच्या खाली साइडवॉलवर गेला असेल तर टायर दुमडतोय, हवा वाढव. त्रिकोणाच्या बऱ्याच वरपर्यंतच राहिला असेल तर हवा जास्त आहे, कमी कर. एका वेळी एक-दोन पीएसआयपेक्षा जास्त बदलू नकोस, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

चारही चाकांना सारखी थंड हवा हा हट्ट सोड. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणजे भार डाव्या टायरवर, आणि तुझ्या गाडीत इंजिनही पुढे, गिअरही पुढे, वळवायचं पुढे, ओढायचंही पुढे, मग पुढचा डावा टायर बिचारा सगळ्यात जास्त तापणार. त्याला थंड असताना बाकीच्यांपेक्षा १-२ कमी ठेवलं तर गरम झाल्यावर चौघं जवळ येतात. मागचे टायर एवढे तापत नाहीत. काही जण फ्रंट व्हील ड्राइव्हचा मागचा भाग सैल व्हावा म्हणून मागे मुद्दाम जास्त हवा भरतात, गाडी वळायला लागते हे खरं, पण वेगात ब्रेक लावताना मागचा भाग अचानक पुढे यायला निघतो तेव्हा ते सांभाळायला सवय लागते. तू आत्ता ते करू नकोस, दहा-बारा ट्रॅक डे होऊ देत.

पाऊस आला तर वेगळं. ओल्या ट्रॅकवर टायर तापत नाही म्हणजे दाबही फारसा वाढत नाही, मग सुरुवातीलाच थंड हवा गरमच्या आकड्याच्या जवळ नेऊन ठेवायची. हे लोक विसरतात आणि मग पावसात गाडी तरंगते म्हणून टायरला शिव्या घालतात.

कॅम्बर. तुझ्या गाडीला कंपनीतून पुढे जेमतेम शून्य ते एक डिग्री निगेटिव्ह असेल, म्हणजे चाक वरून आत झुकलेलं, पण नावापुरतं. बऱ्याच स्ट्रटवाल्या गाड्यांना कॅम्बर बोल्ट बसतात, स्ट्रट आणि हबच्या जोडावरचा मूळ बोल्ट काढून तिथे एक्सेंट्रिक (फिरवला की चाकाचा तिरपेपणा बदलणारा) बोल्ट टाकायचा, तेवढ्याने साधारण डिग्री-दीड डिग्री मिळून जाते. पुढे पावणेदोन-दोन डिग्री निगेटिव्हपर्यंत आलास तर तुझ्या फोटोतली कडा निम्म्याहून जास्त वाचेल असं मी ठामपणे म्हणेन. तीन डिग्रीला जायचं तर वरच्या कॅम्बर प्लेट लागतात, रोजच्या गाडीत आवाज येतो, त्याची तुला आत्ता गरज नाही. एक मात्र विसरू नकोस, कॅम्बर हलवला की टो (वरून बघताना चाकं पुढच्या बाजूला आत की बाहेर वळलीत ते) आपोआप बदलतो, त्यामुळे बोल्ट बसवल्यावर अलाइनमेंट करूनच घे आणि पुढचा टो शून्यावर ठेवायला सांग. लोक म्हणतात निगेटिव्ह कॅम्बरने रोजच्या रस्त्यावर टायर आतून खातो, पण दोन डिग्रीपर्यंत जास्त करून तो टोमुळे खातो, टो बरोबर असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. आणि अलाइनमेंटवाला "सगळं हिरव्यात आहे" (म्हणजे मशीनच्या स्क्रीनवर सगळं मर्यादेत) म्हणाला तर आकड्यांचा प्रिंट माग, हिरवा रंग नको.

तापमान मोजायचं असेल तर पुढे कधीतरी सुईवाला पायरोमीटर घे. लेझर गन पृष्ठभाग दाखवते आणि तो पिटमध्ये येईपर्यंत गार झालेला असतो, सुई रबरात टोचून आतलं तापमान मिळतं. आत, मध्ये, बाहेर असे तीन आकडे घ्यायचे. मधला जास्त असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा जास्त असतील तर हवा कमी, बाहेरची कडा आतल्यापेक्षा गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर कमी पडतोय. आतली कडा थोडी जास्त गरम असणं चांगलंच.

हे सगळं झालं की मग टायर. आणि इथे मी वापरलेल्या सेमी-स्लिकला स्पष्ट नाही म्हणते.

साइडवॉलवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, २००, ३००, ५०० असा. जितका कमी तितका रबर मऊ आणि कमी टिकणारा, असं धरून चालतात. हा आकडा अमेरिकेच्या नियमातून आलाय, टायर रस्त्यावर ७२०० मैल, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास पळवून संदर्भाच्या टायरशी झीज ताडून बघतात, पण साइडवॉलवर छापायचा आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसऱ्या कंपनीचा २०० सारखे असतीलच असं नाही. ट्रॅकवाल्यांमध्ये २०० चा एक वेगळा वर्गच झालाय कारण कित्येक हौशी स्पर्धांत २०० च्या खालचा टायर चालत नाही. त्याच वर्गात योकोहामाचा अ‍ॅडव्हान ए०५२ आहे, जो पटकन तापून एक-दोन लॅपमध्ये जबरदस्त पकड देतो पण लांब सेशनमध्ये लवकर दमतो, आणि हँकूकचा व्हेंटस आरएस४ आहे, जो थोडा हळू पण तासन् तास सारखा वागतो. टोयोचा आर८८८आर १०० चा, तो सेमी-स्लिककडे झुकलेला. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस ३०० चा, मुळात रस्त्याचा टायर, पावसातही भरवशाचा.

तुझी गाडी रोजचीच आहे आणि तू शिकतोयस, म्हणून पुढचा सेट ३०० च्या आसपासचा चांगला समर टायर घे, किंवा दुसरा रिमचा सेट ठेवायची सोय असेल तर २०० मधला आरएस४ सारखा टिकाऊ घे. तुझ्या साइजमध्ये जो मिळतो त्यातलाच निवड. ३०० वाला टायर घसरायच्या आधी कुरकुरतो, मग ओरडतो, तुला सांगतो की बाबा आता बास. सेमी-स्लिक बराच वेळ गप्प राहतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो, शिवाय तोपर्यंत तुझा वेग १०-१५ ने जास्त झालेला असतो. ब्रेक, बेअरिंग, वळणात इंजिनमधलं ऑइल एका बाजूला जाणं, हे सगळे प्रश्न जास्त ग्रिपबरोबर येतात आणि तुझी बाकी गाडी अजून कंपनीचीच आहे.

मी हे पुस्तकातलं बोलत नाहीये. दुसऱ्याच वर्षी मी वापरलेले सेमी-स्लिक घेतले होते, विकणाऱ्याने दोनच सेशन झालीत म्हणून सांगितलं, ट्रेडची खोली छान होती, मी खूश. दिवसभर गाडी कशीबशी चालली आणि संध्याकाळी त्याच टायरवर घरी निघाले, वाटेत पाऊस लागला. हायवेवर पाण्याची एक पातळ चादर होती, अगदी बोटाच्या नखाएवढी, आणि ७० च्या वेगात स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, काहीच जोडलेलं नसल्यासारखं. इंजिनचा आवाज वर गेला, चाकं मोकळी फिरली, गाडी शेजारच्या लेनमध्ये सरकली. तिथे कोणी नव्हतं म्हणून आज लिहितेय. घरी आल्यावर टॉर्च घेऊन तारखेचा कोड बघितला, टायर सहा वर्षांचे होते. अंगठ्याचं नख दाबलं तर रुतेचना.

तो कोड तू आत्ताच बघायला शीक. साइडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. कधीकधी तो टायरच्या आतल्या बाजूला असतो, गाडीखाली वाकून बघावं लागतं, लाज वाटू देऊ नकोस. शिवाय टायर जितक्या वेळा कडक तापून गार होतो तितका तो कडक होत जातो, आणि हे ट्रेडच्या खोलीवरून कळत नाही. वापरलेल्या ट्रॅक टायरमध्ये तू नेमकं तेच विकत घेतोस जे दिसत नाही.

२२५ चा प्रश्न राहिला. तुझ्या रिमची रुंदी बहुतेक ६ इंच असेल. त्यावर २२५ बसवलास तर टायर फुग्यासारखा दोन्हीकडे बाहेर येईल, साइडवॉल आधार नसल्यामुळे आणखी दुमडेल, म्हणजे तुझा आजार वाढेल. ७ इंची रिमवर १९५ हा ६ इंची रिमवरच्या २२५ पेक्षा चांगला वळतो. २०५/५० आर१५ हा पर्याय बघू शकतोस, उंची ५९५ मिलीमीटरवरून ५८६ वर येते, स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवेल, बस. लोड आणि स्पीडचं अक्षर मात्र मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नकोस. १९५/५५ आर१५ वर सहसा ८५व्ही असतं, म्हणजे एका टायरला ५१५ किलो आणि ताशी २४० पर्यंत.

नवीन टायर आले की थेट ट्रॅकवर नेऊ नकोस. आधी दोनेकशे किलोमीटर रस्त्यावर, मग पहिलं सेशन हळूहळू वेग वाढवत, आणि मग जमलं तर एक दिवस पूर्ण विश्रांती. नवा कोरा खोल ट्रेड पहिल्याच दिवशी जोरात तापवला तर ब्लॉक वळवळतात आणि त्यांचे तुकडे निघतात.

आत्ताच्या टायरचं काय करायचं? फाटलेल्या जागी आतलं कापड किंवा तार दिसतेय का, साइडवॉलला फुगवटा आहे का, ते चाक काढून उजेडात बघ. दिसत असेल तर आजच काढ, ऑफिसलाही नेऊ नकोस. नुसताच पृष्ठभाग खरखरीत असेल आणि टायरवर "आउटसाइड" असं लिहिलेलं नसेल, फिरायच्या दिशेचा बाणही नसेल, तर टायरवाल्याकडून रिमवर उलटा करून घे, म्हणजे आतली ताजी बाजू बाहेर येईल आणि हवा-कॅम्बर शिकायला तुला आणखी एक दिवस मिळेल.

प्रत्येक सेशनची शेवटची लॅप हळू मारायची, ब्रेक जवळजवळ न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गरम पॅड तिथेच डिस्कला धरून बसतात, गाडी गिअरमध्ये ठेव आणि चाकाखाली अडण लाव. व्हील नट चाकं गार झाल्यावर टॉर्क रेंचने तपास, आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. आणि दिवसभरात गरम टायरमधून जी हवा सोडलीस ती घरी निघताना परत भर, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरइतकी. टायर गार झाल्यावर आत स्टिकरपेक्षा बरीच कमी राहिलेली असते आणि तशीच गाडी चार माणसं बसवून हायवेला नेणं धोक्याचं आहे.

नायट्रोजनचं: साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो आणि गरम झाल्यावर दोघांचा दाब सारखाच वाढतो. फरक पडतो तो पाण्याच्या वाफेने, कॉम्प्रेसरमधून ओलसर हवा आली तर गरम दाबाचा अंदाज चुकतो. फुकट मिळत असेल तर भर, नाहीतर ते पैसे गेजला वापर.